मूळ राहणार, हल्ली मुक्काम

नागपूरहून दक्षिणेस निघालेला आणि हिंगणघाटावरून पुढे हैदराबादेकडे जाणारा जुना राजमार्ग ज्या ठिकाणी वरोरा-चंद्रपूरकडे एक फाटा सोडून देतो, त्या ठिकाणी वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव वसलेले आहे. आज तेथे थांबणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस चौरस्ता, मालमोटारींच्या रांगा आणि चहाची दुकाने एवढेच पडत असले, तरी रस्त्याकाठच्या गावाची वस्ती एका मुळातून वाढलेली क्वचितच असते. आणि जामच्या आसपासच्या कोणत्याही जुन्या घरी ओसरीवर निवांत बसून चौकशी केली, तर दोन-चार प्रश्नांच्या आत हे कळून येते की, या घराचा कोणी पूर्वज तीन-चार पिढ्यांमागे वर्धा नदीपलीकडच्या वऱ्हाडातून, वैनगंगेच्या खोऱ्यातून किंवा तेलंगणाच्या सीमेकडून येथे आला आणि येथलाच झाला. “आमचा पणजा तिकडून आला म्हणते,” एवढ्या एका वाक्यात त्या माणसाचे सारे चरित्र आटोपलेले असते. तो कधी आला, का आला, आला तेव्हा त्याचे वय काय होते, बरोबर कोण होते, आल्यावर त्याने कोणाच्या शेतात राबून पोट भरले, त्याची किती मुले जगली आणि किती गेली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर घरात नसते.

याच जिल्ह्यात बाहेरून आलेल्या एका मुलाचे चरित्र मात्र सर्वांस ठाऊक आहे. राजस्थानातील सीकरजवळील काशी का बास या खेड्यात १८८९ साली जन्मलेले जमनालाल बजाज वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरी दत्तक आले, आणि पुढे त्यांच्या आग्रहावरून महात्माजी वर्ध्यास आले, म्हणून त्या स्थलांतराची कथा इतिहासात नोंदली गेली. ज्याच्या दारी महात्मा आला नाही, त्याच्या स्थलांतराची कथा कोणी लिहिली नाही. परंतु लिहिली नाही याचा अर्थ तिची सामग्री नष्ट झाली असा नव्हे. ती सरकारी दप्तरांत, शाळेच्या कपाटात, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीत विखुरलेली आहे, आणि ती गोळा कशी करावी व वाचावी कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आपल्याकडे पूर्वजांचा शोध पूर्वी श्राद्धापुरता किंवा वाटणीच्या दाव्यापुरता होत असे. गेल्या काही दशकांत मात्र तो घरोघरी पोहोचला आहे, आणि त्याचे कारण जात प्रमाणपत्राची पडताळणी हे आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा हवा, म्हणून ज्यांनी आयुष्यात तहसील कचेरीची पायरी चढली नव्हती अशी माणसेही आजोबा-पणजोबांच्या नावाची नक्कल मागण्यासाठी अभिलेख कक्षाच्या खिडकीपुढे उभी राहू लागली. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तर पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेले रुमाल सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आले. ही सारी माणसे दप्तरात एकच रकाना पाहतात. जातीचा रकाना सापडला, नक्कल मिळाली, शिक्का बसला, की वही मिटते. आणि त्याच ओळीत डावी-उजवीकडे त्या माणसाचे वय, त्याचे गाव, त्याचा धंदा, त्याच्या मरणाचे कारण लिहिलेले असते, ते न वाचताच मागे राहते. ज्या पूर्वजाच्या नावावर नातवंडांचे शिक्षण व नोकरी उभी राहते, त्याचे आयुष्य वाचण्याचे कष्ट त्याच्यासाठी कोणी घेऊ नयेत, हे मला अन्यायाचे वाटते.

शोधाचा आरंभ कचेरीत करू नये, घरात करावा. घरातल्या पुरुषांस जमिनीची भाषा येते, त्यामुळे ते गट क्रमांक आणि वाटण्या सांगतात. परंतु कोणाची बहीण कोठे दिली, कोणत्या वर्षी कोणते मूल देवीने गेले, कोणत्या आत्याच्या लग्नात कोणते गाव जेवले, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईस ठाऊक असते, आणि स्थलांतराचा मागोवा बहुधा तिच्याच स्मरणातून लागतो, कारण माणूस गाव सोडतो तरी लेकीबाळींच्या सोयरिकी जुन्या मुलखात करीत राहतो. पणजोबांच्या तीन बहिणी वर्धा नदीपलीकडच्या एकाच टापूत दिल्या असतील, तर कुटुंबाचे मूळ त्या टापूत शोधावे. त्यानंतर पेटी उघडावी. अशा एका पेटीत मी पाहिलेले कागद येथे सांगतो: मालगुजाराने दिलेल्या लगानाच्या चिंचोळ्या पावत्या, दोऱ्याने ओवून एका खिळ्यास अडकविलेल्या, ज्यांच्या मध्यभागी गंजाचे तपकिरी वर्तुळ पडले होते, सावकाराकडून सोडवून आणलेला आणि मधोमध फाडलेला एक कर्जरोखा, एका लग्नाच्या आहेराची यादी, आणि बैल विकल्याची एक पावती, जिच्यावर बैलाचे वय, रंग आणि शिंगांची ठेवण विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा अधिक तपशिलाने लिहिलेली होती. फाडलेला रोखा घरच्यांस निरुपयोगी वाटत होता. वस्तुतः त्या काळी कर्ज फिटले म्हणजे रोखा फाडून परत करीत, म्हणून तो फाटलेला कागद हाच त्या पेटीतील सर्वांत अभिमानाचा दस्तऐवज होता.

घरातील सामग्री संपली की कचेरीकडे वळावे, पण त्याआधी आपला मुलूख कोणाकोणाच्या अंमलाखाली होता याचा हिशेब डोक्यात पक्का असावा, नाहीतर अर्ज चुकीच्या दाराशी जातो. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला आणि त्याचे ठाणे प्रथम कवठ्यास असून १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसविलेल्या नव्या वर्धा शहरात आले. स्वातंत्र्यानंतर हा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. जुन्या जिल्ह्याच्या तहशिली तीनच होत्या, वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट. जाम आज ज्यात मोडते तो समुद्रपूर तालुका पुष्कळ नंतरचा. म्हणून जामच्या माणसाने इंग्रजी अमदानीतील कागद शोधताना मौजा जाम, तहसील हिंगणघाट, असेच लिहिले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातील पुस्तके वाचून येथे कोणी जुन्या फेरफारांची आणि इनामांची भाषा बोलू लागला तर त्याच्या हाती काही लागत नाही, कारण येथील महसुली व्यवस्था रयतवारी नसून मालगुजारी होती आणि तिचे कागदही वेगळे.

त्या कागदांचा पाया म्हणजे बंदोबस्ताची, अर्थात जमीनमहसूल ठरविणाऱ्या पाहणीची, मिसल. १८६० च्या दशकातील पहिल्या तीससाला बंदोबस्तात गावच्या पाटलांना मालकी हक्क देऊन मालगुजार करण्यात आले. पुढचे बंदोबस्त १८९० च्या दशकात आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास झाले. प्रत्येक वेळी गावाचा नकाशा, खसरा, जमाबंदी आणि गावाचे रिवाज लिहून घेणारा वाजिब-उल-अर्ज हा दस्तऐवज तयार होई. जमाबंदीत कास्तकाराचे नाव, बापाचे नाव, जात, साकिन, जमिनीचा आकार, लगान आणि हक्काचा प्रकार असे रकाने असत. आणि हक्काचा प्रकार हा रकाना नुसता कायद्याचा नाही, तो एका घराचा उदय-अस्त सांगणारा आहे. मालिक मकबूजा म्हणजे आपल्या शेताचा स्वतः धनी. मौरूसी म्हणजे वारसाने चालणाऱ्या हक्काचे कूळ. आणि त्याखाली साधा कास्तकार, ज्याच्या पायाखालची जमीन अद्याप घट्ट झालेली नाही. बाहेरून आलेला माणूस पहिल्या मिसलीत बहुधा दिसतच नाही, कारण तो कोणाच्या तरी घरी सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, असतो आणि सालदाराचे नाव जमाबंदीत येत नाही. दुसऱ्या मिसलीत तो साधा कास्तकार म्हणून उगवतो. तिसरीत त्याचा मुलगा मौरूसी झालेला असतो. तीन मिसली शेजारी ठेवून वाचल्या, तर सालदाराचे घर शेतकऱ्याचे कसे झाले हे कोणत्याही कादंबरीपेक्षा स्पष्ट दिसते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि त्यानंतर तयार झालेल्या १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात ही वाट आजच्या सात-बाराला येऊन मिळते.

नावे वाचण्याची रीत येथेच सांगितली पाहिजे. आडनाव ही जुन्या खेड्याच्या कागदातील दुर्मीळ वस्तू आहे. नमुन्यादाखल सांगावयाचे तर ‘गोविंदा वल्द सखाराम, मूळ राहणार मौजा अमुक, हल्ली मुक्काम जाम’ असा मजकूर असतो. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. विवाहितेच्या नावापुढे ‘जौजे’ आणि नवऱ्याचे नाव, विधवेपुढे ‘बेवा’. सन कधी फसली असतो, त्यात साधारणतः ५९० मिळवावे. शालिवाहन शक असेल तर ७८. ज्याला स्थलांतरित पूर्वज शोधावयाचा आहे त्याने ‘मूळ राहणार’ आणि ‘हल्ली मुक्काम’ या दोन शब्दजोड्यांवर डोळा ठेवावा, कारण एका गावाचे दप्तर संपून दुसऱ्या गावाचे दप्तर जेथे सुरू होते, तेथे पूल म्हणून बहुधा तेवढेच असते.

या प्रकारचा शोध जगात सर्वाधिक चिकाटीने कोणी केला असेल तर तो आयर्लंडमधून परदेशी गेलेल्यांच्या वंशजांनी. १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे १० लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांची पणतवंडे आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बसून मूळ खेडे शोधीत असतात. त्यांची अडचण आपल्यासारखीच आहे. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१ पर्यंतच्या खानेसुमारीचे बहुतेक कागद ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत नाहीसे झाले, आणि १८६१ ते १८९१ चे सरकारनेच नष्ट केले होते. आपल्याकडेही ब्रिटिश अमदानीतील खानेसुमारीचे आकडे छापले गेले, पण घरोघरच्या मूळ याद्या जतन झाल्या नाहीत. मग आयरिश संशोधक कशाच्या आधारे चालतात? १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेल्या करआकारणीच्या पाहणीच्या आधारे, ज्यात प्रत्येक घर-शेताचा ताबेदार, त्याचा जमीनदार, क्षेत्र आणि आकार लिहिलेला आहे. म्हणजे जेथे माणसे मोजण्याचे कागद गेले, तेथे कर मोजण्याचे कागद उपयोगी पडले. आपल्या बंदोबस्ताची मिसल ही नेमकी त्याच जातीची वस्तू आहे. स्वतंत्र भारताच्या १९५१ च्या खानेसुमारीच्या वेळी उतरून घेतलेले नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर मात्र पुष्कळ गावांचे शिल्लक आहे, आणि घरातील सर्व माणसे, वये व धंदे एकत्र देणारा तो आपला सर्वांत सोयीचा कागद होय.

या दोन मुलखांना जोडणारा एक माणूसही आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात १८४४ मध्ये, दुष्काळाच्या तोंडावर, जन्मलेले अँटनी मॅकडॉनेल १८९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर नेमलेल्या १९०१ च्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि तेथून डब्लिनला जाऊन त्यांनी १९०३ च्या आयरिश जमीन कायद्याच्या घडणीत भाग घेतला, ज्याने तेथील कुळांना जमिनी विकत घेण्याची वाट मोकळी केली. कूळ, लगान आणि दुष्काळ हे तीन शब्द मेयोत आणि हिंगणघाटात एकाच वजनाचे होते.

आता कोतवाल बुकाकडे येतो. विदर्भातील मागच्या पिढ्यांचा शोध घेणाऱ्याला याच्याइतका जिव्हाळ्याचा कागद दुसरा नाही. मध्यप्रांतात जन्म-मृत्यूची वर्दी देण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. तो ठरलेल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाई आणि मागच्या भेटीनंतर गावात कोण जन्मले व कोण मेले ते सांगे. त्याच्याजवळच्या वहीत त्या नोंदी होत. कोतवाल बहुधा निरक्षर, म्हणून लिहिणारा हात दुसऱ्याचाच, पटवाऱ्याचा, मास्तराचा किंवा ठाण्यातल्या मोहरिराचा. यामुळे एकाच माणसाचे नाव एका पानावर गोविंदा, दुसऱ्यावर गोंदा आणि तिसऱ्यावर गोंद्या असे येते, आणि ते तिन्ही एकच आहेत की नाहीत हे ठरविण्यास बापाचे नाव, वय आणि जात एकत्र पाहावी लागते. जन्माच्या बाजूस मुलाचे नाव बहुतेकदा नसतेच, कारण बारसे होण्यापूर्वीच वर्दी गेलेली असते. ‘अमुक यास मुलगा झाला’ एवढाच मजकूर असतो, आणि तो मुलगा म्हणजे आपले आजोबा की त्यांचा लहानपणी वारलेला भाऊ, हे मृत्यूची बाजू तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. जन्माची नोंद सापडताच आनंदाने वही मिटणारे लोक पुष्कळदा आजोबांच्या नावाने त्यांच्या मृत भावाची जन्मतारीख घेऊन जातात. म्हणून नियम असा की, प्रत्येक जन्मनोंदीनंतर पुढच्या पाच-सात वर्षांची मृत्यूची पाने पाहिलीच पाहिजेत.

ती पाने वाचणे कठीण आहे, ते अक्षरामुळे नव्हे. रकाने आखलेला खरखरीत कागद, कडा कातरलेल्या, शाई पिवळसर तपकिरी झालेली. तारीख, नाव, बापाचे नाव, जात, वय, आणि शेवटी आजार. वयाच्या रकान्यात ‘महिने ४’, ‘वर्ष १’, ‘दिवस ९’ यांची रांग लागते. आजाराच्या रकान्यात ताप, हगवण, देवी, महामारी एवढीच नावे आलटून पालटून येतात. १९०० च्या आसपासची पाने पाहावीत, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ हा इतिहासाच्या पुस्तकातील एक ओळ न राहता ओळखीच्या घरांतील माणसांचा हिशेब होतो. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ४ लाखांच्या थोडी वर होती ती १९०१ मध्ये सुमारे ३ लाख ८५ हजारांवर आली, यातील घट कोठे गेली ते या पानांवर दिसते. त्यानंतर १९१८ च्या पावसाळ्याअखेरची पाने. मध्यप्रांत व वऱ्हाड हा त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाने सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक होता, पण वहीत इन्फ्लुएन्झा हा शब्द क्वचितच. तेथे फक्त ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’, आणि एरवी महिन्याला एखादे पान भरावे तेथे एका आठवड्यात पान उलटलेले. एका घरातील बाप, सून आणि दोन नातवंडे चार-सहा दिवसांच्या अंतराने त्या यादीत येतात, आणि मग आपल्या पणजोबांनी दुसरे लग्न का केले, किंवा आजोबा मामाच्या गावी का वाढले, या कधीच न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

सारख्या नावांचा धोका मात्र सर्वांत मोठा. एका गावात गोविंदा वल्द सखाराम एकाच वेळी दोन असू शकतात, आणि ही चूक अडाणी माणसेच करतात असे नाही. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील नव्या स्थलांतर ठाण्यात पहिले पाऊल ठेवणारी मुलगी म्हणून आयर्लंडच्या कॉर्कहून आलेल्या ॲनी मूरचे नाव जगप्रसिद्ध आहे. नेवाडा या बोटीने दोन धाकट्या भावांना घेऊन ती आली होती आणि तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट मिळाले होते. पुढे ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये गाडीच्या अपघातात वारली, असे दीर्घकाळ सांगितले जाई. २००६ मध्ये मेगन स्मोलेनियाक या वंशशोधक बाईंनी कागद नव्याने लावून दाखविले की टेक्सासची ॲनी मूर मुळात अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच राहिली, तिने मासळी बाजारात काम करणाऱ्या जोसेफ ऑगस्टस शायर याच्याशी लग्न केले, अनेक मुले लहानपणीच गमावली आणि १९२४ मध्ये ती वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता; तो २००८ मध्ये बसला. ज्या मुलीचे पुतळे उभारले गेले, तिच्या जागी दुसरीच बाई इतकी वर्षे मान घेत होती, कारण जन्मस्थानाचा एक रकाना कोणी ताडून पाहिला नव्हता. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे कधीही धरू नये. नाव, बापाचे नाव, गाव आणि काळ यांपैकी निदान तीन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांत जुळाव्यात.

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे कोतवाल बुकाहून सुवाच्य आणि म्हणून अधिक लोकप्रिय आहे. परंतु त्यातील जन्मतारखेवर फार विसंबू नये, कारण प्रवेशाच्या वेळी मास्तरांनी अंदाजाने घातलेल्या जून-जुलैच्या पहिल्या तारखांनी ती पाने भरलेली असतात. शाळा सोडण्याचे कारण हा त्याचा खरा मौल्यवान रकाना. तेथे ‘शेतीकामामुळे’, ‘गाव सोडले’, ‘गैरहजर’ अशा दोन-तीन शब्दांत एखाद्या बुद्धिमान मुलाचे शिक्षण संपलेले असते.

स्त्रियांचा शोध याहून दुष्कर. जमाबंदीत स्त्री येते ती बेवा म्हणून, म्हणजे नवरा मेल्यावरच तिला नाव मिळते. त्याआधी ती कोणाची जौजे असते आणि लग्नानंतर बदललेल्या नावामुळे माहेरचा धागा तुटतो. येथे तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधार घ्यावा. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग येथे यात्रेस गेलेल्या माणसाने उपाध्यायाच्या वहीत बायको-मुलांची नावे घालून सही किंवा अंगठा दिलेला असतो, आणि या वह्या गाव व जातीच्या क्रमाने ठेवलेल्या असल्याने मूळ गाव ठाऊक असेल तर नोंद सापडण्याचा संभव असतो. यात्रेला जाण्याची ऐपत नसलेल्यांना मात्र हे दप्तर बंद आहे, आणि ज्यांना त्या देवळांत आणि त्या वह्यांत प्रवेशच नव्हता त्यांना तर सर्वस्वी बंद आहे. त्यांच्या घरांसाठी कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर हीच पोथी.

महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्यांचे कागद याच्या अगदी उलट प्रकारचे आहेत. गुलामगिरीच्या अंताच्या सुमारास मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. पुढील दशकांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, आणि त्यांतील मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व सावंतवाडीकडील मराठी माणसे पुष्कळ होती. तो धक्का आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रत्येक मजुराला क्रमांक दिला जाई. त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण आणि बोटीचे नाव नोंदले जाई, आणि १८६० च्या दशकापासून पुष्कळांची छायाचित्रेही काढली गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरे जतन केलेली असून तेथील मराठी कुटुंबे पणजोबांचा क्रमांक सांगून त्यांचा चेहरासुद्धा पाहू शकतात. मळेवाल्याला मजूर पळून जाऊ नये म्हणून ही दक्षता हवी होती. तिचा उपयोग पणतवंडांना होईल हे कोणाच्या मनातही नव्हते.

वर्धा नदी उतरून जामला आलेल्या माणसाची उंची कोणी मोजली नाही. तो कापसाच्या ओढीने आला असेल. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर कापसाचे भाव चढले आणि हिंगणघाटचा लांब धाग्याचा बनी कापूस दूरवर नावाजला गेला. तो रेल्वेच्या मातीकामावर आला असेल. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा टाकला गेला. तो उपाशी आला असेल. यांपैकी काय खरे, ते ‘हल्ली मुक्काम जाम’ ही नोंद प्रथम ज्या वर्षी दिसते त्या वर्षावरून बव्हंशी ठरविता येते, आणि जेथे ठरविता येत नाही तेथे ‘असावे’ असेच लिहावे. पूर्वजांच्या चरित्रात कल्पनेने भर घालणे हा त्यांचा गौरव नव्हे.

जुन्या दप्तरांचे स्कॅनिंग आता पुष्कळ ठिकाणी झाले आहे व होत आहे, पण कोतवाल बुकांची अवस्था बिकट आहे. वाळवी, ओल आणि हाताळणी यांनी त्यांची पाने दरवर्षी कमी होत चालली आहेत. म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, जातपडताळणीसाठी किंवा वारसासाठी नक्कल काढण्यास जाल तेव्हा केवळ आपल्या नावाची ओळ न मागता संपूर्ण पानाची नक्कल मागा. तिच्या पाठीवर मौजा, तहसील, सन आणि पान क्रमांक लिहून ठेवा. ओळीतील प्रत्येक रकाना घरी येऊन मोठ्याने वाचा, आणि घरातील सर्वांत वडील बाई अजून सांगू शकते आहे तोवर ते तिच्यापुढे वाचा.